पत्त्यांचा कॅट कोणाचा?

बाबरनाम्यात १५२७ सालची एक छोटी नोंद आहे. सिंधमधल्या ठट्ट्याच्या शाह हुसेनला गंजिफा खेळायला आवडायचं, त्याने गंजिफा मागितल्या, म्हणून बाबराने माणसाबरोबर त्या पाठवून दिल्या. बस, एवढंच. हिंदुस्थानातल्या पत्त्यांचा लेखी इतिहास साधारण इथून सुरू होतो. एका सत्ताधाऱ्याला पत्ते हवे असतात आणि ते दुसऱ्या सत्ताधाऱ्याकडे मागावे लागतात. तेव्हा पत्ता हाताने रंगवला जायचा, त्यामुळे ज्याच्या पदरी चितारी, त्याच्याकडे पत्त्यांचा कॅट.

आज तो दहा मिनिटांत घरपोच येतो. पण कॅट कोणाच्या मालकीचा आणि ती मालकी खेळात किती चालू द्यायची, हा प्रश्न पत्त्यांची पाठ सोडत नाही. मनीषनगरात रविवारी आम्ही आठ जण पत्ते खेळतो त्या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. ही पद्धत नक्की कोणत्या दुखण्यावरचा उपाय आहे, हे समजून घ्यायला मला सावंतवाडीपर्यंत मागे जावं लागलं.

सावंतवाडीच्या गंजिफा तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. गोल, लालभडक किंवा पिवळ्या, चमकणाऱ्या, आणि लाकडी रंगीत डबीत ठेवलेल्या. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घासून गुळगुळीत करायचे, त्यावर चित्र काढायचं आणि वरून लाखेचा लेप द्यायचा. मुघलांच्या गंजिफांत आठ रंग आणि प्रत्येकात बारा पाने, म्हणजे ९६ पत्ते. अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या खेळाचं वर्णन अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत केलं आहे. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे आल्यावर या खेळात राजा-वजिरांच्या जागी विष्णूचे अवतार बसले. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. एकूण १२०. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू.

खेळायचं तिघांनी, म्हणजे प्रत्येकाच्या हातात ४० पत्ते. गोल पत्ते आपल्या पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत, ते कापडावर पालथे टाकून कालवावे लागतात. हुकूम नाही. त्यातून अर्ध्या रंगांत दहाचं पान एक्क्याहून मोठं, आणि उरलेल्या अर्ध्यांत उलट, एक्का मोठा आणि दश्शा सगळ्यात लहान. कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवणारा जिंकतो. हा असा खेळ लोक करमणूक म्हणून खेळायचे, याचा मला कोडिंगच्या मुलाखतींपेक्षा जास्त धाक वाटतो.

या गंजिफांत दोन दर्जे होते. दरबारी कलमाच्या गंजिफांना कडेने नक्षीची किनार, रंगकाम बारीक. बाजार कलमाच्या गंजिफा साध्या, किनारीशिवाय, झपझप काढलेल्या. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण मुद्दा इथेच आहे. दरबारी मत्स्याचा राजा आणि बाजारू मत्स्याचा राजा खेळात अगदी सारखेच. सरदाराने सोन्याच्या वर्खाचा कॅट आणला तरी पत्ते कापडावर कालवले गेले की ते तिघांचे. पैसा पत्त्याच्या कडेपर्यंत पोचायचा, पानाच्या किमतीपर्यंत नाही.

म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांना मी भारताचे पहिले गेम डिझायनर म्हणेन. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ‘छद’ नावाचे एकाहून एक गुंतागुंतीचे पत्त्यांचे खेळ रचले. त्यात अठरापर्यंत रंग, कायमचे हुकूम, कुठल्याही पानाच्या जागी चालणारी पाने. काही कॅट ३६० पत्त्यांपर्यंत गेले. हे खेळ राजवाड्याबाहेर फारसे पोचले नाहीत. कसे पोचणार? ३६० पत्ते रंगवून घेणं शेजारच्या सोनाराला किंवा शिक्षकाला परवडणारं नव्हतं. ३६० हा आकडा मात्र लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मग छापील पत्ते आले. युरोपातून येणारे ५२ पानांचे कॅट स्वस्त होते, चौकोनी होते, पिसायला सोपे होते. गंजिफा काढणाऱ्यांची गिऱ्हाइकं हळूहळू आटली. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट घराघरांत पोचले आणि मराठी माणसाने त्यावर आपले खेळ बसवले: मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, भिकार-सावकार. लग्नघरातल्या रात्री, रेल्वेतली बैठक, उन्हाळ्याच्या सुट्ट्या यांवर चालल्या. स्वस्त कॅटने मालकीचा प्रश्न जवळजवळ मिटवला. कॅट कोणाचा, तर ज्याच्या घरी बसलो त्याचा, आणि एखादं पान हरवलं असेल तर जोकरच्या पाठीवर पेनाने ‘चौकट सत्ती’ लिहून काम भागायचं.

पैसा मात्र दुसऱ्या दाराने आत आला. पत्त्यांची बदनामी पत्त्यांमुळे झाली नाही, डावावर लावलेल्या पैशांमुळे झाली. ‘पत्ते कुटतो’ हे आपल्याकडे माणसाच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र आहे. सरकारनेही यात लक्ष घातलं. मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि तिथे त्याआधीचा, १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा होता. दोन्ही कायद्यांनी निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलं. मग वाद सुरू झाला की कौशल्य म्हणजे काय. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. तीन पत्तीला तो मान मिळाला नाही. पत्ते कसे वाटले जातील हे नशीब, पुढचं कौशल्य, असा तो हिशेब.

आता १९९३. रिचर्ड गारफिल्ड हा अमेरिकेतला गणिताचा माणूस, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून कॉम्बिनेटोरिक्समध्ये डॉक्टरेट. त्याने केलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. पहिली छपाई २६ लाख पत्त्यांची होती आणि ती बघता बघता संपली. खेळाची कल्पना अशी: कॅट समाईक नाही. प्रत्येकाने बंद पाकिटं विकत घ्यायची, त्यातून निघालेल्या पत्त्यांचा स्वतःचा कॅट बांधायचा आणि दुसऱ्याच्या कॅटशी भिडायचं. काही पत्ते भरपूर छापलेले, काही मोजके. दुर्मिळ पत्ते बऱ्याचदा ताकदवान.

हा बदल किती मोठा होता ते आपल्याला चटकन जाणवत नाही, कारण आपण लहानपणापासून तसलंच काही खेळत आलो. डब्ल्यूडब्ल्यूईचे ट्रम्प कार्ड, चिप्सच्या पाकिटातले टाझो, पुढे स्लॅम अटॅक्स. ज्याचे बाबा जास्त पाकिटं घेऊन देत त्याच्याकडे अंडरटेकर. पण गंजिफांच्या काळापासून पाहिलं तर हे नवलच आहे. चारशे-साडेचारशे वर्षं कापडावर कालवलेला समाईक ढीग १९९३ साली दोन खासगी ढिगांत तुटला. पैसा आता पत्त्याच्या किनारीवर थांबणार नव्हता, तो थेट पानाच्या ताकदीत शिरला.

गारफिल्डला हे अगदीच दिसलं नव्हतं असं नाही. त्याचा अंदाज होता की लोक एखाद्या साध्या बोर्डगेमवर करतात तेवढाच खर्च करतील, मग गावात एखाद्याकडेच एखादा जबरदस्त पत्ता असेल. शिवाय मूळ नियमांत एक पैज होती. सुरुवातीला दोघांनी आपापल्या कॅटमधला एक पत्ता बाजूला ठेवायचा आणि जिंकेल त्याने दोन्ही घ्यायचे. म्हणजे पत्ते फिरत राहतील, एकाकडेच साठणार नाहीत. गोट्यांमध्ये आपण ‘खरी-खरी’ खेळतो, तेच. व्हायचं ते झालं. लोकांनी खोक्यांनी पाकिटं घेतली, आणि आपला लाडका पत्ता पैजेत गमावणं कोणालाच पटलं नाही. त्यात जुगाराचा वासही होता. ती पैज खेळातून लवकरच बाहेर पडली, तिच्याशी जोडलेल्या पत्त्यांवर अधिकृत स्पर्धांत बंदी आली. पत्ते फिरते ठेवायची सोय गेली, साठवायची राहिली. पहिल्या छपाईतल्या ‘ब्लॅक लोटस’ या पत्त्याची एक प्रत २०२१ साली लिलावात पाच लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. खेळणारा माणूस ती हातात धरणारसुद्धा नाही.

ड्राफ्ट ही या सगळ्यावरची तोड. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ती रुजली आणि १९९६ साली मॅजिकच्या व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच हंगामात तिला जागा मिळाली. पद्धत सांगतो. आठ जण गोल बसतात. प्रत्येकापुढे तीन बंद पाकिटं, जुन्या हिशेबाने एकात १५ पत्ते. सगळे एकाच वेळी पहिलं पाकीट उघडतात, एक पत्ता निवडून पालथा ठेवतात, उरलेले १४ डावीकडच्याला देतात. उजवीकडून आलेल्या १४ मधून पुन्हा एक. असं पाकीट संपेपर्यंत. दुसरं पाकीट उजवीकडे फिरतं, तिसरं पुन्हा डावीकडे. शेवटी प्रत्येकाकडे ४५ पत्ते जमतात आणि त्यातून ४० चा कॅट बांधायचा. तो निम्म्याहून थोडा जास्त या पत्त्यांचा, बाकीची ‘जमीन’, म्हणजे सगळ्यांना फुकट मिळणारी साधी पाने.

आठ गुणिले तीन गुणिले पंधरा. ३६०. म्हैसूरच्या राजाचा मोठ्यात मोठा कॅट, किंवा दशावतारी गंजिफांचे तीन जोड. आणि प्रत्येकाच्या वाट्याला शेवटी ४०, तेही गंजिफांसारखंच. निव्वळ योगायोग आहे, गारफिल्डने सावंतवाडी पाहिली नव्हती. पण ज्या खेळाने समाईक ढीग तोडला त्यानेच तो पुन्हा टेबलावर आणला, हा योगायोग नाही. घरून कोणी काही आणायचं नाही. प्रत्येक जण शून्यापासून सुरू करतो.

गंजिफांत पत्ते वाटले जातात, इथे निवडले जातात, आणि न्यायालयाने रमीत जे कौशल्य शोधलं त्याचा इथे जवळजवळ वेगळा खेळच होतो. मॅजिकमध्ये पाच रंग असतात. समजा पहिल्या पाकिटात तुम्ही चांगला लाल पत्ता घेतला. पुढच्या तीन पाकिटांत लाल काहीच धड येत नाही. म्हणजे तुमच्या उजवीकडचा कोणीतरी लाल उचलतोय. तुम्ही हट्ट धरलात तर उपाशी राहाल. हिरवे मात्र पाचव्या-सहाव्या हातापर्यंत शिल्लक येताहेत, म्हणजे तिकडे रस्ता मोकळा आहे. पंधरा पत्ते आणि आठ माणसं, म्हणून पहिलं पाकीट नवव्या फेरीत सात पत्ते घेऊन तुमच्याकडे परत येतं. त्यातले कोणते आठ गेले हे आठवत असेल तर टेबलावरच्या सातही जणांच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज येतो. कोणी एक अक्षर बोललेलं नसतं. आठ प्रोसेस, मेसेज पाठवायला बंदी, आणि तरीही सगळे एकमेकांशी जुळवून घेतात. असलं डिस्ट्रिब्युटेड सिस्टीमचं उदाहरण मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कोणी दिलं नाही.

मनीषनगर हा नागपूरचा दक्षिणेकडचा, वर्धा रोडला लागून असलेला भाग. इथल्या जुन्या रहिवाशांची अर्धी आयुष्यं रेल्वे फाटकाशी गाडीचं इंजिन बंद करून उभं राहण्यात गेली, आता पूल झाला. मिहानमध्ये नोकरी करणारे, इंजिनिअरिंगची मुलं, निवृत्त रेल्वेवाले असे सगळे इथे एकाच अपार्टमेंटमध्ये राहतात. आमचा अड्डा एका स्टेशनरी-खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. पाकिटं परदेशातून येतात, एका ड्राफ्टला चोवीस लागतात, आणि तेवढ्या पैशांत आम्हा आठ जणांचं सावजी जेवण दोनदा होईल. म्हणून आम्ही क्यूब खेळतो. क्यूब म्हणजे आधीच जमवून ठेवलेले पत्ते, पुन्हा तोच आकडा, ३६०. दर वेळी ते पिसायचे, पंधरा-पंधराचे गठ्ठे करायचे, खेळ झाला की सगळे परत खोक्यात. आमच्या क्यूबमध्ये एकही दुर्मिळ पत्ता नाही, सगळे सर्वसाधारण, जगभर लोक खोक्याच्या तळाशी टाकून देतात ते. बाजार कलम म्हणा.

आमच्यात एकाकडे घरी महागडे कॅट आहेत, कुलूप लावून ठेवलेले. दुसरा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, त्याच्या मालकीचा एकही पत्ता नाही. एका रविवारी हा पोरगा ओळीने तिन्ही डाव जिंकला. शेवटच्या डावात महागड्या कॅटवाल्याने पत्ते खाली ठेवले आणि विचारलं, “लाल तूच खाऊन राहिला होता ना बे?” पोरगा म्हणाला, “तुम्हीच सोडून राहिले होते ना, दादा.” एवढा संवाद मी दुसऱ्या कुठल्या खेळात या दोघांमध्ये होऊ शकला असता असं म्हणणार नाही. दोघांचे आपापले कॅट असते, तर निकाल दुकानाच्या बिलावरच लागला असता.

दुकानदाराच्या आई चहा घेऊन येतात आणि पाठीमागे उभ्या राहून बघतात. त्या मेंढीकोटच्या पट्टीच्या खेळाडू. त्यांना इंग्रजी नावं कळत नाहीत, पण एकदा त्यांनी माझ्या हातातल्या पत्त्यांकडे पाहून म्हटलं, “अरे, तो समोरचा निळं जमवतो आहे, तू त्याला काय देऊन राहिला?” बरोबर होतं. काकूंनी पत्ते वाचले नव्हते, माणसं वाचली होती.

ड्राफ्टने सगळं सुटलं असं समजू नका. मूळ पद्धतीत चोवीस पाकिटं तर कोणालातरी घ्यावीच लागतात, आणि बंद पाकीट ही एक प्रकारची सोडतच आहे. मोबाइल गेममधल्या अशाच बंद पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवलं. कागदी पाकिटं मात्र वाचली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा कौशल्य की नशीब हा १८६७ पासून चालत आलेला भेद बाजूलाच ठेवला. कागदी पाकिटाबद्दल त्यात काही नाही. माझं मत विचाराल तर दहा वर्षांच्या मुलाला पाकिटांच्या नादी लावण्यापेक्षा वापरलेल्या पत्त्यांचा क्यूब जमवून द्यावा.

आता पुन्हा सावंतवाडी. १९५०च्या दशकापर्यंत तिथे गंजिफा रंगवणारे हात मोजकेच उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी वयस्कर चितारी पुंडलिक चितारी यांना गाठलं, सत्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडे शिकल्या, राजवाड्यात तरुणांना ही कला शिकवायला सुरुवात झाली. तिकडे मुंबईत राहणारे जर्मन कलासमीक्षक रुडी फॉन लायडन गंजिफा जमवत होते, त्यांच्यावर लिहीत होते. सत्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण राजवाड्यात आजही गंजिफा रंगतात, आणि अलीकडे त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

कला वाचली. खेळ त्या मानाने वाचला नाही. गंजिफा विकत घेणारे बहुतेक जण त्या चौकटीत लावतात, किंवा डबीसकट कपाटात ठेवतात. ओडिशात अजून काही गावांत गंजिफा खेळणारे लोक आहेत. १७५१ पासून १८०३ पर्यंत तो प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, म्हणून मी इथे महालात कुठे गंजिफांची बैठक अजून चालते का याची चौकशी केली. चितार ओळीतल्या एका मूर्तिकार काकांनी गणपतीच्या सोंडेला हात देता देता ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नाव ऐकलं आहे. खेळताना कोणाला पाहिलं नाही.” पाच लाख डॉलरचा ब्लॅक लोटस आणि भिंतीवरची दरबारी गंजिफा यांची अवस्था मला वेगळी वाटत नाही. दोन्ही पत्ते पिसले जात नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही १२० गोल पुठ्ठे कापले. मासे, कासवं, परशू काढायला चित्रकला लागते, म्हणून मी रंगाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि आकडा लिहिला. क्यूबवाले आम्ही तिघे आणि नियम सांभाळायला काकू, असे बसलो. खोलीत चादर अंथरली, पत्ते कालवले, चाळीस-चाळीस वाटले. अर्ध्या रंगांत एक्का मोठा की दश्शा, यावर पहिल्या दहा मिनिटांत तीन भांडणं झाली, म्हणून काकूंनी दोन याद्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. गंजिफांचा एक नियम असा आहे की दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे आला त्याने सुरुवात करायची, आणि रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दिवे लागले होते. कृष्ण त्या तिसऱ्या वर्षाच्या पोराकडे होता.